खिसा न ओढणारा घडीचा चाकू: आधी व्हर्नियर, मग पोलाद

बेळगावात टिळकवाडीत तुमचं घर, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, आणि शनिवार-रविवार जांबोटीच्या पुढे गावाकडे काजूची बाग नि भाताची खाचरं. आत्ताचा चाकू १८० ग्रॅमचा, पँटचा खिसा ओढणारा, म्हणून तो बहुतेक वेळा गाडीच्या डिकीतच पडलेला. पार्सलची टेप, सुतळी, ठिबकची नळी, खताचं पोतं, दुपारी एखादा आंबा किंवा पेरू, एवढ्या कामाला सडपातळ, हलका, घडीचा चाकू हवा. पोलाद कुठलं घ्यावं, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा लॉक लागतोच का, आणि बेळगावात पोलिसांनी खिसा तपासला तर काय, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तिन्हींवर लिहितो, पण तुम्ही विचारलेल्या क्रमाने नाही. माझं पोट हार्डनिंग-टेंपरिंगवर, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक करण्यावर चालतं. डाय आणि पंचांना पाणी देण्यात आयुष्य गेलं, आणि त्या ओळखीवर लोक चाकू-सुऱ्याही धारेला नि दुरुस्तीला आणून देतात. साहजिकच माझ्याकडून पोलादाचं पुराण ऐकायला मिळेल अशी सगळ्यांची समजूत असते. पण खिशातल्या चाकूत पोलाद चौथ्या-पाचव्या नंबरला येतं. आधी जाडी मोजायला व्हर्नियर आणि वजनाला सोनाराचा काटा.

माझी मापं सांगून टाकतो. वजन ७५ ग्रॅमच्या आत. बंद चाकूची जाडी, क्लिप सोडून, चार सुतांच्या आत, म्हणजे साडेबारा मिलीमीटरपेक्षा कमी. दहाच्या खाली आली तर फारच उत्तम. पात्याची लांबी सात ते साडेसात सेंटीमीटर. पात्याची जाडी पाठीकडे दोन ते अडीच मिलीमीटर. या चार मापांत बसणारा साधा चाकू, न बसणाऱ्या भारी चाकूपेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडेल, कारण तो डिकीत राहणार नाही.

जाडी कुठून येते ते एकदा मोजून बघा. नेहमीचा 'मजबूत' म्हणून विकला जाणारा चाकू घ्या: पातं ३ मिलीमीटर, दोन्ही बाजूंचे वॉशर मिळून ०.४, आतले दोन स्टीलचे लायनर दीड-दीडचे म्हणजे ३, आणि मुठीच्या पट्ट्या साडेतीन-साडेतीनच्या, म्हणजे ७. झाले १३.४. वर क्लिप आणि स्क्रूची डोकी धरली की सोळा-सतरा. आता त्यातून लायनर काढून टाका आणि पातं दोनचं करा: २ अधिक ०.४ अधिक ७, म्हणजे ९.४. मुठीची पकड होती तेवढीच राहिली, चाकू मात्र जवळजवळ एक तृतीयांश बारीक झाला.

वजनाचाही मुख्य चोर हा लायनरच. १०० मिलीमीटर लांब, २० रुंद आणि दीड जाड अशी पट्टी ३ घनसेंटीमीटरची होते. पोलादाची घनता ७.८५, म्हणजे एका पट्टीचं वजन साडेतेवीस ग्रॅम. दोन पट्ट्यांचे ४७ ग्रॅम. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॅडेट नावाचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू पातं, ओपनर, कानस यांच्यासकट अख्खा ४६ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीच पट्टी ॲल्युमिनियमची केली तर आठ ग्रॅमची. म्हणून हलक्या चाकूंचे कारखानदार एक तर लायनरला मोठमोठी भोकं पाडतात, किंवा लॉकपुरताच तुकडा मुठीत बसवतात, किंवा काचतंतू भरलेल्या नायलॉनची मूठ करून लायनर सरळ काढून टाकतात. ही नायलॉनची मूठ हातात घेतली की खेळण्यासारखी वाटते, म्हणून आपल्याकडचे लोक नाक मुरडतात. पण ती पावसात फुगत नाही, गंजत नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीतून काढली तरी हाताला चटका देत नाही. ग्राहकाला जड वस्तूच टिकाऊ वाटते, हे आपल्या बाजारातलं जुनं दुखणं आहे. यात्रेतल्या फिरत्या दुकानांत मिळणारे, अमेरिकन कंपन्यांची नावं कोरलेले काळे अवजड चाकू याच समजुतीवर खपतात. त्यातल्या कित्येकांची पाती माझ्याकडे आली तेव्हा कानस आरामात चालत होती. कानस न घसरता धरते याचा अर्थ पात्याला नीट पाणीच दिलेलं नाही.

आता पात्याची जाडी, कारण यातच खरी गंमत आहे. पेरू किंवा आंबा कापताना धार फक्त पहिला मिलीमीटर कापते. पुढचं काम पात्याची पाचर करते. तीन-साडेतीन मिलीमीटरचं पातं कडक पेरूत अर्ध्यापर्यंत गेलं की पेरू कापला जात नाही, फाटतो. जाड पुठ्ठ्यातही तेच: धार कितीही लावा, पात्याचे गाल पुठ्ठ्यात अडकतात. म्हणून पाठीच्या जाडीपेक्षाही धारेच्या लगेच मागची जाडी महत्त्वाची. धारेची चकाकणारी पट्टी जिथे संपते तिथे व्हर्नियर लावा. ०.३ ते ०.५ मिलीमीटर मिळालं तर ते पातं कापण्यासाठी बनवलंय. ०.८ किंवा १ मिळालं तर ते दिसण्यासाठी बनवलंय, आणि कुठलंही महागडं पोलाद त्याला वाचवू शकणार नाही. दुकानात व्हर्नियर नेला तर दुकानदार हसतो, हसू दे. नाहीतर पात्याकडे टोकाच्या बाजूने डोळा लावून बघा: पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळतं होत गेलेलं पातं हवं. वरचा अर्धा भाग सपाट आणि खाली एकदम उतार, असं असेल तर धारेमागे हमखास माल जास्त.

बारीक पात्याची एक किंमत आहे आणि ती आधी मान्य करून टाकावी. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो. तीनचा घन २७, दोनचा ८. म्हणजे तीन मिलीमीटरचं पातं दोनच्या पात्यापेक्षा तिपटीहून जास्त ताठ. तेव्हा डब्याचं झाकण उचकटणं, खिळा उपटणं, काजूच्या फांदीत टोक घालून पिळणं ही कामं या चाकूची नाहीत. गावाकडे तुमच्या घरी कोयता असणारच, कमानपाट्याचा. पिळायचं, तोडायचं, फोडायचं काम त्याचं. रताळीचे वेल, ऊस, वाळलेली फांदी यांना खिशातला चाकू लावूच नये. उसाच्या सालीत सिलिका असते आणि ती धार भसाभस खाते.

पोलादाकडे येऊ. तुम्ही उद्यमबागेत आहात, तेव्हा एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन-जास्त क्रोमियमचं डायचं पोलाद, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडचे निम्मे प्रेस टूल त्याचेच. सध्या चिनी चाकूंवर मोठ्या अक्षरात जे 'डी२' कोरलेलं असतं ते याच घराण्यातलं. साधारण दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. धार फार वेळ टिकते यात शंका नाही. पण बारा टक्के क्रोमियम ऐकून लोक त्याला स्टेनलेस समजतात, आणि तिथे घोळ होतो. कार्बन इतका जास्त असला की बराचसा क्रोमियम त्याच्याशी बांधला जाऊन मोठ्या कार्बाइडच्या कणांत अडकतो. गंज अडवायला लागतो तो मोकळा क्रोमियम, आणि तो उरतो कमी. डायवर आपण तेलाचा हात मारून ठेवतो ते उगाच नाही. अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला डी२ चं पातं वर्षभर स्वच्छ राहील. तुमची बाग जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातला पट्टाही बुरशी धरतो. त्यात काजूच्या बोंडाचा रस, आंब्याचा चीक, कोकम, लिंबू. असा आंबट रस लागलेला डी२ चाकू रात्रभर ओल्या खिशात राहिला तर सकाळी मिरीएवढे काळे ठिपके दिसतील. ते नुसते डाग नसतात, बारीक खड्डे असतात, आणि धारेवरच पडले तर तेवढी धार गेली.

तुमच्यासाठी त्यापेक्षा कमी कार्बनची खरी स्टेनलेस बरी. स्वीडनचं १२सी२७ किंवा १४सी२८एन: ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन, साडेतेरा-चौदा टक्के क्रोमियम, कार्बाइड बारीक. म्हणजे गंज कमी, धार पातळ लावता येते आणि घरच्या दगडावर लवकर लागते. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद याहून मऊ, कडकपणा ५६ रॉकवेलच्या आसपास. धार लवकर बसते, पण चहाच्या कपाच्या बुडावरही परत येते. जपानचं व्हीजी-१० किंवा अमेरिकेचं एस३०व्ही जास्त टिकतं हे खरं, पण धार एकदा पूर्ण गेल्यावर आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या दगडावर ती आणता आणता जीव मेटाकुटीला येतो. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी, घ्यायची तयारी असेल तरच तिकडे जा. ८सीआर१३ वर्गातली चिनी पोलादं स्वस्त चाकूंत असतात. ती वाईट नाहीत, पण तिथे सगळं पाणी देणाऱ्यावर अवलंबून. एकाच नावाचे दोन चाकू दोन कारखान्यांतून आले तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पात्यावर पोलादाचं नाव कोरलेलं असतं, भट्टीचं तापमान कोरलेलं नसतं.

साधं कार्बन पोलाद मला स्वतःला आवडतं, धार काय सुंदर लागते. पण ते वापरणाऱ्याने फळ कापलं की लगेच पुसलं पाहिजे, आणि पात्यावर काळपट-निळसर छटा चढलेली चालली पाहिजे. शेतात घामाचा हात, ओला खिसा, आणि पुसायला वेळ नाही, असं असेल तर त्याच्या नादी लागू नका.

लॉक लागतो का? तुमच्या यादीतल्या एकाही कामाला लागत नाही. सुतळी, टेप, नळी, फळ, सगळीकडे जोर धारेच्या दिशेने पडतो, आणि तो जोर पातं उघडंच ठेवतो. पातं बोटांवर मिटतं ते टोक खुपसताना किंवा अडकलेलं पातं मागे ओढताना. खताच्या पोत्यात टोक खुपसायची सवय असेल तर मात्र लॉक घ्या, किंवा सवय बदला: पोत्याच्या शिवणीचा दोरा कापायचा, पोतं भोसकायचं नाही. पोतंही परत वापरता येतं. घरात लहान मुलं चाकू हाताळणार असतील तर पाठीच्या स्प्रिंगवर चालणारा, अर्ध्यावर थांबणारा बिनलॉकचा चाकू उलट बरा. तो मिटताना मध्ये एकदा अडतो, तेवढ्यात बोट काढता येतं.

लॉक घ्यायचाच असेल तर सडपातळपणाच्या दृष्टीने फरक असा. लायनर लॉक, म्हणजे आतली पट्टी सरकून पात्याला अडवते तो, एका हाताने मिटतो, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो आणि निदान एका बाजूला तरी स्टीलची पट्टी लागतेच. पाठीवर दाबायचा बॅक लॉक लायनरशिवायही बसवता येतो, म्हणून हलक्या नायलॉनच्या चाकूंत तो जास्त दिसतो. पण त्याच्या खाचेत माती आणि काजूचा चीक साठतो आणि मग खटका पूर्ण बसत नाही. आडव्या पिनचा लॉक, जो बेंचमेडने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणला, तो दोन्ही हातांना सारखा आणि बोटं पात्यापासून लांब ठेवणारा. डावखुऱ्यांनी तोच बघावा. त्याच्या बारीक स्प्रिंगा मात्र नाजूक, आणि तुटल्या तर आपल्याकडे मिळत नाहीत. कुठलाही लॉक असो, दुकानात चाकू उघडून पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवून दाबा, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. खटका सरकला तर चाकू परत. पातं डावी-उजवीकडे हललं तर पातं ज्यावर फिरतं त्या पिव्होटचा स्क्रू आवळून बघा. आवळल्यावर पातं घट्ट होऊन नीट उघडत नसेल आणि सैल केल्यावर पुन्हा हलत असेल, तर त्याचं मशीनिंगच वाकडं आहे.

आता नावं घेऊन बोलतो. किमती लिहीत नाही. आयात माल, आज एक तर दिवाळीला दुसरी.

तुमच्या जागी मी असतो तर कॅडेट घेतला असता. मिटलेला ८४ मिलीमीटर लांब, दहाच्या आसपास जाड, ॲल्युमिनियमच्या खरखरीत पट्ट्या, पातं दोन मिलीमीटरच्या आसपास. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बसतो, आणि तो बाहेर काढला तर शेजारी बसलेला माणूस दचकत नाही. ही शेवटची गोष्ट लोक हिशेबात धरत नाहीत. बँकेच्या रांगेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत चाकू उघडायची वेळ येतेच. दोन्ही हातांनी नखाने उघडायचा छोटा स्विस चाकू आणि खट्कन उघडणारा काळा चाकू, कापतात सारखंच. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र फार फरक पडतो. कॅडेटचा दोष एकच: एक हात दोराला किंवा फांदीला गुंतलेला असला तर तो उघडता येत नाही.

ओपिनेलचा ८ नंबर सगळे सुचवतात, आणि त्याचं पातं मला या सगळ्यांत जास्त आवडतं. माझ्या मापापेक्षा लांब, साडेआठ सेंटीमीटरचं, पण दोन मिलीमीटरहून पातळ, वजन पन्नासच्या आत. सव्वाशे वर्षांहून जुनी फ्रान्सच्या साव्वा भागातली चीज. पातं अडवणारी ती फिरती कडी १९५५ पासूनची. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तो हलका आहे, सडपातळ नाही; मूठ गोल, आणि गोल मूठ पँटच्या खिशात मांडीवर टोचते. त्याची बारीक लांबट आवृत्ती निघते, ती मिळाली तर बघा. दोन, मूठ बीच लाकडाची. खानापूरच्या पावसाळ्यात ते लाकूड फुगतं आणि पातं फटीत आवळलं जातं. मग मुठीचा मागचा टोकाकडचा भाग टेबलावर ठोकला की पातं थोडं वर येतं, ही त्याच भागातली युक्ती. कायमचा इलाज म्हणजे कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पातं उघडं ठेवून मूठ जवसाच्या तेलात मुरवायची, आठवडाभर वाळू द्यायची, आणि फटीच्या आतल्या भिंती बारीक पॉलिश पेपरने जरा घासायच्या. शेंगदाण्याचं तेल वापरू नका. ते वाळत नाही, चिकट होतं, वास मारतं. घ्यायचाच तर 'इनॉक्स' छापलेलं स्टेनलेस पातं घ्या, कार्बनचं नको.

एका हाताने उघडणारा हवाच असेल आणि खिशाला परवडत असेल तर स्पायडर्कोचा डेलिका, ७१ ग्रॅम, नायलॉनची मूठ, पातं मुळापासून टोकापर्यंत निमुळतं. किंवा बेंचमेडचा बगआउट, सव्वाआठ सेंटीमीटरचं पातं असून ५२ ग्रॅम. माझ्या मापापेक्षा बगआउटचं पातं थोडं लांब, तरी हलकेपणात त्याला तोड कमी. या दोघांच्या नकला बाजारात रग्गड आहेत, आणि फोटोत ओळखू येत नाहीत. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हटलं की तो नकली समजा. त्याच्या खालच्या पायरीवर सिव्हिवीचा एलिमेंटम, पातं ७५ मिलीमीटर, वजन ऐंशीच्या आसपास. माझ्या मापाच्या जरा वर, पण काम स्वच्छ असतं. त्यात डी२ आणि स्टेनलेस दोन्ही प्रकार येतात. तुम्ही स्टेनलेसचा बघा.

आणि एक जुना रस्ता आहे, जो नव्या लोकांना माहीत नसतो: दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचे चाकू. जपानचा हिगोनोकामी, फ्रान्सच्या थिएर गावचा १९२९ पासूनचा डुक-डुक. मूठ म्हणजे एकच पत्रा दुमडलेला, ना पट्ट्या ना लायनर, म्हणून इतके चपटे की पाकिटात बसतील. हातात घट्ट धरून अर्धा तास काम केलं तर पत्र्याची कड रुतते, पण सुतळी कापायला कोण अर्धा तास घेतो? कलम करणारे आपल्याकडचे लोक ज्या साध्या घडीच्या चाकूने काम करतात तोही सडपातळच असतो, पण तो खिशातला चाकू म्हणून घेऊ नका. त्याची धार बहुधा एकाच बाजूने उतरवलेली असते. फांदीचा सपाट काप त्याने सुरेख होतो, फळ कापताना मात्र तो एका बाजूला सरकतो.

क्लिप ठेवावी की काढावी? मी काढतो. खिशाच्या कडेवर चमकणारी क्लिप म्हणजे 'इथे चाकू आहे' अशी पाटी, शिवाय स्कूटरच्या सीटवर आणि बसच्या रेक्झिनवर ओरखडे. त्याऐवजी चामड्याची अरुंद पिशवी शिवून घ्या. अथणी आणि निपाणीकडे कोल्हापुरी चपला बनवणारे कारागीर आहेत. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे. त्यांना चाकू दाखवला की चपलेच्या उरलेल्या पट्ट्यातून तासाभरात बेतून देतात. मग किल्ल्यांवर आणि मोबाइलच्या काचेवर चाकू घासत नाही आणि खिशाचं अस्तरही फाटत नाही. फक्त चाकू महिनोन् महिने त्या पिशवीत बंद करून ठेवू नका. सालीच्या टॅनिनवर कमावलेलं चामडं ओल धरतं आणि ते आम्लधर्मी असतं. पावसाळ्यात आत ठेवलेलं पातं पिशवीच्या बरोबर आकारात काळं पडतं.

आता पोलिसांचं. शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत जी धारदार हत्यारं घातली आहेत त्यांचं माप ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असं आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. तीन इंचांचा फळं कापायचा चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. दिल्लीला जाणार असाल तर तिथे १९८० पासूनची वेगळी अधिसूचना आहे: स्प्रिंग, बटण किंवा इतर यांत्रिक पद्धतीने उघडणारा-मिटणारा, ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद पात्याचा चाकू तिथे अडचणीत आणतो. मी साडेसात सेंटीमीटरची मर्यादा घालतो त्याला हेही एक कारण आहे. आणि बटण दाबलं की उसळणारा चाकू कुठेच नको, ना दिल्लीत ना बेळगावच्या शनिवार खुटावर.

पण आपल्याकडे कागदावरच्या मापापेक्षा दिवस कुठला आहे ते जास्त महत्त्वाचं. १ नोव्हेंबर, म्हणजे एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, सुवर्ण विधानसौधमधलं हिवाळी अधिवेशन, गणपती विसर्जन, निवडणुका. या दिवसांत जमावबंदीचे आदेश निघतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, आणि त्यांत शस्त्रं, लाठ्या, चाकू बाळगायला मनाई असू शकते. तशा दिवशी 'अहो, हा फळं कापायचा आहे' हे खरं असूनही मराठीत सांगा की कन्नडमध्ये, ऐकून घेणारा हवालदार भेटेलच असं नाही. चाकू घरी ठेवा. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरही निवडणुकीच्या काळात गाड्या उघडून बघतात. तेव्हा तो खिशात न ठेवता जेवणाच्या डब्याच्या पिशवीत किंवा टूलबॉक्समध्ये असलेला बरा. सांबऱ्याच्या विमानतळावरून विमान असेल तर आधल्या रात्रीच चेक-इनच्या बॅगेत. सुरक्षा तपासणीत सापडलेला चाकू तिथेच राहतो, आणि छोटा असल्याने तो खिशात आहे हेच विसरायला होतं.

राहिली धार. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला गल्लीत आला की विळ्या-कात्र्या त्याला खुशाल द्या, हा चाकू देऊ नका. त्याचा दगड कोरडा आणि वेगात फिरतो. पातळ पात्यात उष्णता पसरायला मालच नसतो, त्यामुळे ठिणगी उडते तेव्हा धारेचा शेवटचा धागा तापून मऊ पडतो. तुम्ही घरीच हजार ग्रिटच्या आसपासचा पाण्याचा दगड आणा, पातं दगडापासून पंधरा ते अठरा अंशांवर धरा. कॅडेटसारख्या अरुंद, दोन मिलीमीटर जाड पात्याची पाठ दगडापासून साधारण दोन-तीन मिलीमीटर उचलली की बहुतेक तो कोन येतो. खात्री करायची तर धारेला मार्करची शाई लावा आणि कुठली शाई जाते ते बघा. एका बाजूने घासत जा, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाच्या नखाला बारीक खरखर, म्हणजे बर, लागत नाही. मग बाजू बदला. शेवटी जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीकडे ओढत दहा-वीस हात. दोरखंड आणि सुतळीच जास्त कापायची असेल तर हे शेवटचं पॉलिश टाळा, दगडाची बारीक दाती राहू द्या, ती तंतू चांगले धरते.

फणसाचा किंवा काजूचा चीक पात्यावर आणि सांध्यात बसला तर पाण्याने तो आणखी घट्ट होतो. खोबरेल तेलाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं, मग फडकं. नंतर साबणाच्या कोमट पाण्यात उघड-मीट करून पूर्ण वाळवायचा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. काजूच्या टरफलाचं तेल लागलं असेल तर हातमोजा घाला, ते कातडी जाळतं; आणि त्या पात्याने लगेच फळ कापायला घेऊ नका. सांध्यात खोबरेल तसंच ठेवू नका, डिसेंबरच्या थंडीत ते गोठतं आणि चाकू उघडेनासा होतो. पातं कुणी ग्राइंडरवर नेलंच आणि धारेजवळ निळी झाक दिसली, तर ती निदान तीनशे अंशांची खूण आहे; स्टेनलेस पातं तर त्याहूनही जास्त तापलेलं असतं. तेवढी कड दगडावर घासून पूर्ण काढल्याशिवाय धार टिकणार नाही, आणि निळा पट्टा दोन-तीन मिलीमीटर आत गेला असेल तर नवीन पात्याचाच विचार करा.